प्रवासासाठी खिशातला कॅमेरा: निवडण्यापासून सांभाळण्यापर्यंत

मी साताऱ्यात लग्नांचे फोटो काढते. ऑर्डरच्या दिवशी दोन मोठे फुल फ्रेम कॅमेरे, तीन लेन्स आणि दोन फ्लॅश सोबत असतात, बॅग आठ किलोच्या वर जाते. एका वर्षी तो सगळा संसार पाठीवर घेऊन मी माऊलींच्या पालखीबरोबर लोणंदहून तरडगावकडे चालले. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण लागलं तेव्हा खांदे भरून आले होते आणि गर्दीत लेन्स बदलायला हात मोकळा नव्हता. घोडे समोरून गेले. मी बॅग सांभाळत राहिले. पुढच्या आषाढात खिशात पाव किलोचा एक कॉम्पॅक्ट, म्हणजे छोटा कॅमेरा, घेऊन गेले आणि तेव्हापासून फिरायला जाताना मोठी बॅग घरीच राहते.

माझ्याकडे येणारी तरुण मुलं, ओळखीची कुटुंबं, निवृत्त झालेले काका-काकू सगळे एकच विचारतात: "ताई, फिरायला जायला छोटा कॅमेरा कुठला घेऊ?" त्यांना मी जे सांगते ते इथे क्रमाने लिहिते आहे.

१. आधी फोनची गॅलरी उघडा

दुकानात जायच्या आधी मागच्या सहलीचे फोनमधले फोटो नीट बघा. मन खट्टू करणारे फोटो वेगळे काढा आणि ते का बिघडले ते पाहा. देवळाच्या गाभाऱ्यात, संध्याकाळच्या बाजारात किंवा घरात काढलेले फोटो रंगाच्या लगद्यासारखे दिसतात का? हलणारं मूल पुसट आलंय का? की लांबचं काही जवळ ओढताना चित्र फुटलंय?

पहिल्या दोन तक्रारींवर चांगला कॉम्पॅक्ट हे औषध आहे. तिसरीसाठी लांब झूमचा कॅमेरा लागेल आणि त्यात प्रकाशाची तडजोड येते. तुमचे बहुतेक फोटो भर उजेडातले असतील आणि ते फोनवरच बघून फोनवरच पाठवले जात असतील, तर कॅमेरा घेऊ नका. फोन पुरेसा आहे, ते पैसे आणखी एका प्रवासाला वापरा.

२. सेन्सर, लेन्स आणि खिसा

मेगापिक्सलचा आकडा बाजूला ठेवा. सेन्सर (चित्र टिपणारी चकती) केवढा, लेन्स किती प्रकाश आत घेते आणि कॅमेरा खिशात मावतो का, एवढंच विचारा.

स्वस्त कॉम्पॅक्टमधला सेन्सर साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटर, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढा असतो. हा घेऊ नका, आजचा बरा फोन त्याच्या पुढे आहे. त्यावरचा म्हणजे 'एक इंची' सेन्सर. नाव ऐकून फसू नका, एक इंच हे जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळीचं माप आहे. प्रत्यक्षात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो, तरी लहान सेन्सरच्या चौपट. त्याच्या वरचा एपीएस-सी, २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, एक इंचीच्याही तिप्पट. क्षेत्रफळ जितकं जास्त, तितके अंधारातले फोटो स्वच्छ येतात.

एक इंचीमध्ये सोनीची आरएक्स१०० मालिका २०१२ पासून आहे. तिच्या तिसऱ्या ते पाचव्या पिढीत २४-७० ची, एफ/१.८ ते २.८ अपर्चरची लेन्स आहे. २४-७० हे फुल फ्रेमच्या हिशोबानं मिलिमीटरमधलं माप, इथले लेन्सचे सगळे आकडे तसेच: आकडा लहान तितकं चित्र रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ. अपर्चर म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक, त्याचा आकडा लहान तितकं भोक मोठं. सहाव्या आणि सातव्या पिढीत झूम २४-२०० झाला, पण अपर्चर एफ/२.८ पासून सुरू होतं. एफ/१.८ ला एफ/२.८ च्या जवळपास अडीचपट प्रकाश आत येतो. नुसतं 'जास्त झूम' ऐकून नवी पिढी घेणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. देवळं, बाजार, जेवणाची पानं, घरातली माणसं असे तुमचे फोटो असतील तर जुनी, कमी झूमची पिढी तुमच्या जास्त कामाची. कॅननचा जी७ एक्स हाही याच वर्गातला, २४-१०० चा.

एपीएस-सीमध्ये झूमशिवायचे दोन जण आहेत. रिको जीआर ३ (२०१९) मध्ये २८ मिलिमीटरची लेन्स आहे आणि वजन बॅटरीसकट २५७ ग्रॅम. २०२१ मध्ये आलेल्या जीआर ३ एक्समध्ये तीच जागा ४० मिलिमीटरची लेन्स घेते. फुजीफिल्मचा एक्स१०० व्हीआय (२०२४) ३५ मिलिमीटरचा, व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) सुरेख, पण वजन ५२१ ग्रॅम, म्हणजे अर्धा लिटर दुधाची पिशवी. तो गळ्यात राहतो, खिशात नाही. जीआरला व्ह्यूफाइंडर नाही, त्यामुळे मे महिन्याच्या उन्हात स्क्रीन दिसायला त्रास होतो हे धरून चला.

माझं मत विचाराल तर: लहान मुलांसह कुटुंबाच्या सहली होत असतील तर एक इंची झूम. एकट्यानं, पायी, माणसांत फिरायचं असेल तर बिनझूमचा. मी स्वतः २८ मिलिमीटरवर आहे. झूम नसला की दोन पावलं पुढे जावं लागतं आणि त्या दोन पावलांत समोरच्याशी बोलणं होतं.

घेण्याआधी कॅमेरा रोजच्या पँटच्या किंवा कुर्त्याच्या खिशात घालून दुकानातच चार पावलं चाला. खिसा लोंबत असेल तर तो कॅमेरा महिन्याभरात कपाटात जाईल.

३. वापरलेला घ्यायचा तर

नव्या कॉम्पॅक्टच्या किमती चढ्या आहेत, म्हणून वापरलेला घेण्यात काही गैर नाही. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं ओळीनं आहेत, ओळखीतूनही मिळतात. कुठूनही घ्या, पण सकाळच्या उजेडात घ्या आणि अर्धा तास काढून जा. स्वतःचं कार्ड आणि एक छोटी टॉर्च घेऊन जा.

कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करा. लेन्स बाहेर येताना आणि आत जाताना आवाज एकसारखा हवा. मध्येच अडखळली किंवा कुरकुरली तर कॅमेरा परत ठेवा. बाहेर आलेल्या लेन्सला हलक्या बोटानं स्पर्श करा, ती किंचित हलणं चालेल, डुगडुगणं नाही.

मग अपर्चर बंद करत न्या, एक इंचीवर एफ/११ आणि एपीएस-सीवर एफ/१६. पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरवा. धुरकट गोल ठिपके दिसले की सेन्सरवर धूळ बसली आहे असं समजा. आत-बाहेर होणारी लेन्स लोहाराच्या भात्यासारखी हवा ओढते आणि हवेबरोबर धूळही आत जाते. मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स काढून धूळ उडवता येते, कॉम्पॅक्ट मात्र उघडावा लागतो. एखादा ठिपका असेल तर भाव कमी करून घ्या, पाच-सहा असतील तर सोडून द्या.

टॉर्च तिरकी धरून लेन्सच्या आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती बुरशी. कोकणातून किंवा मुंबईतून आलेल्या कॅमेऱ्यात हे हमखास तपासा. बुरशी लागलेला कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

चार्जिंगची केबल लावून हलवून बघा, बॅटरीचं झाकण नीट बसतं का पाहा. बिलावरचा आणि कॅमेऱ्याखालचा सिरियल नंबर जुळवा. बिल नसेल तर भाव कितीही आकर्षक असो, उठा.

४. पहिल्या संध्याकाळी एकदाच करायचं सेटिंग

हे काम घरी, चहा घेत, शांतपणे करा. प्रवासात मेन्यू उघडायची वेळ येऊ नये.

तारीख-वेळ लावा. फाइल 'रॉ अधिक जेपेग' ठेवा: जेपेग लगेच पाठवायला, रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, घरी येऊन दुरुस्त करायला. बीपचा आवाज बंद, फ्लॅश बंद, फोकससाठी लागणारा तो लाल-हिरवा दिवाही बंद. भजन चालू असताना किंवा झोपलेल्या बाळासमोर ती एवढीशी बीप फार मोठी वाटते.

डायल अपर्चर प्रायॉरिटीवर (ए किंवा एव्ही) ठेवा, म्हणजे अपर्चर तुम्ही ठरवता, बाकी कॅमेरा. एपीएस-सीवर दिवसा एफ/५.६, एक इंचीवर एफ/४. आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ते) ऑटो, पण त्याला वरची मर्यादा घाला: एक इंचीवर ३२००, एपीएस-सीवर ६४००. आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत ऑटो आयएसओच्या आतच असलेला, नवीन माणूस हमखास विसरणारा पर्याय शोधा: कमीत कमी शटर स्पीड. तो १/२५० सेकंदावर ठेवा. कॅमेरा स्वतःच्या मनानं १/६० किंवा त्याहून खाली उतरतो आणि चालणारी माणसं पुसट येतात. नवख्यांचे 'फोकस बिघडलेले' म्हणून माझ्याकडे येणारे फोटो बघते तेव्हा त्यातले बहुतेक फोकसमध्येच असतात. माणूस हललेला असतो.

एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, कमी-जास्त करायचं बटण किंवा चाक कुठे आहे ते डोळे मिटून बोटाला सापडेपर्यंत दाबत राहा. बाकी सगळं कॅमेऱ्यावर सोडलं तरी चालेल, हे एक तुमच्या हातात हवं.

५. काळा दगड आणि पांढरं धोतर

त्या चाकाचा उपयोग आपल्याकडे रोज पडतो, म्हणून इथे थोडं थांबते.

कॅमेऱ्याला समोर काय आहे ते कळत नाही. चौकटीतल्या सगळ्या प्रकाशाची सरासरी तो मध्यम राखाडी करू पाहतो. साताऱ्याजवळ लिंब गावात बारा मोटेची विहीर आहे. अष्टकोनी, प्रचंड, सगळी काळ्या दगडात बांधलेली. पायऱ्या उतरून आत गेलात की चौकटभर काळा पाषाण. कॅमेरा म्हणतो 'अंधार आहे' आणि चित्र उजळ करतो. दगड राखाडी होतो, त्याची ती ओलसर, थंड, जुनी काळिमा जाते आणि वरच्या झरोक्यातलं आकाश पांढरं फटक पडतं. इथे चाक उणे ०.७ वर न्या, दगड परत काळा होईल.

वारीत याच्या उलट होतं. पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, पांढरे सदरे यांनी चौकट भरली की कॅमेरा 'फार उजेड आहे' म्हणून चित्र काळवंडतो आणि पांढरं कापड मळकट दिसतं. तिथे चाक अधिक ०.७. पण तोच पांढरा सदरा काळ्या ढगासमोर एकटा उभा असेल, तर चौकटीत काळं जास्त आहे. मग पुन्हा उणे. माणसाचे कपडे पांढरे की काळे हे बघू नका, चौकटीत काय जास्त आहे ते बघा. भर दुपारच्या उन्हात संशय आला तर उणेकडे झुका. रॉ फाइलमध्ये अंधारातला तपशील बराच वर काढता येतो, जळालेलं पांढरं परत येत नाही.

आमच्या घरी बाबांचा आग्फा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये १२ फोटो. कॅमेरा घेतल्यावर पहिले पंधरा दिवस हाच नियम लावून घ्या: गावातच फिरा, दिवसाला १२ फोटो, प्रत्येकाच्या आधी त्या चाकाचा विचार. भाजी मंडई, एसटी स्टँड, शाळा सुटतानाचं गेट पुरेसं आहे. रात्री बघा, कुठे चुकलं ते कळतं.

६. माणसांमध्ये

दुसऱ्या वर्षी रिंगणाला मी आधीच फोकस बांधून ठेवला होता. लेन्स २८ ची, अपर्चर एफ/८ आणि हातानं फोकस २.५ मीटरवर. एपीएस-सीवर एवढं केलं की साधारण सव्वा मीटरपासून पार लांबपर्यंत सगळं बऱ्यापैकी धारदार येतं. एक इंचीच्या रुंद टोकाला हेच एफ/४ आणि २ मीटरवर मिळतं. फोकस शोधण्यात वेळ जात नाही, बटण दाबलं की फोटो. घोड्यासाठी शटर १/१००० केलं. ढगाळ दुपार होती, आयएसओ १६०० च्या आसपास गेला.

टाळ-मृदंगाच्या दोन भिंतींमधून स्वाराचा घोडा आला, त्याच्या मागे माऊलींचा अश्व. मी गुडघ्यावर बसले होते. टापांची माती माझ्या हातावर उडाली आणि घोडा गेल्या क्षणी चारी बाजूंनी माणसं ती माती कपाळाला लावायला वाकली. मला हवा होता तो फोटो घोड्याचा नव्हता. तो त्या वाकलेल्या हातांचा होता, आणि कॅमेरा तळहातात होता म्हणून मिळाला.

शेजारी डोक्यावर तुळस घेतलेल्या एक आजी होत्या. म्हणाल्या, "माऊली, माझा काढला का? दाखव की." मी स्क्रीन दाखवली. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि तुळस सरळ केली. "आता काढ."

एवढंच करायचं असतं. जवळ जा, बोला, विचारा, दाखवा. "दादा, एक काढू का?" म्हटल्यावर नाही म्हणणारे फार थोडे भेटतात, आणि नाही म्हणाले तर कॅमेरा खाली. पाठवते म्हणालात तर नक्की पाठवा. गावोगावी लोकांचा अनुभव असा आहे की फोटो काढणारा जातो तो जातोच.

७. अजिंठ्याचा अंधार

सोमवारी अजिंठा बंद असतो, मंगळवारी वेरूळ, हे आधी. फर्दापूरच्या फाट्याला गाडी ठेवून पुढे बसनं जायचं. चित्रांसाठी पहिलं, दुसरं, सोळावं आणि सतरावं लेणं. आत फ्लॅशला बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

पहिल्या लेण्यात, गाभाऱ्याच्या डाव्या हाताला पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र. आत शिरलात की दोन-तीन मिनिटं फोटो काढू नका, डोळे सरावू द्या. मग अपर्चर पूर्ण उघडा, कमीत कमी शटर १/३० वर आणा. चित्र हलत नाही, हलतो तो तुमचा हात. कोपर बरगड्यांना टेकवा, पट्टा मानेवर ताणून धरा, श्वास सोडा आणि सोडलेल्या श्वासावर बटण दाबा. लागोपाठ तीन काढा, त्यातला एक बहुधा स्थिर निघतो. खांबाला किंवा भिंतीला मात्र टेकू नका.

दिव्यांमुळे रंग पिवळट येतील. रॉ आहे, घरी सुधारता येतील. आणि एक विनंती: दोन-तीन फोटो झाले की कॅमेरा खिशात टाका आणि त्या चेहऱ्याकडे नुसतं बघा. तिथे आत थांबायला मिळणारा वेळ थोडा असतो.

८. वाळू, पाऊस, दमट हवा

गुहागरच्या किनाऱ्यावर माझा एक झूमवाला कॉम्पॅक्ट गेला. ओल्या हातानं खिशातून काढला, हाताला लागलेले वाळूचे चार कण लेन्सच्या नळीत शिरले. चालू करताच कर्र असा आवाज आला आणि लेन्स अर्ध्यावर अडकली. दुरुस्तीचा खर्च जुन्या कॅमेऱ्याच्या किमतीएवढा सांगितला. तेव्हापासून किनाऱ्यावर कॅमेरा झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत, पिशवी खिशात, आणि बाहेर काढण्याआधी हात कोरड्या पंचाला पुसलेला. वाऱ्याच्या दिवशी वाळूवर लेन्स उघडतच नाही.

पावसात हॉटेलात मिळणारी प्लॅस्टिकची टोपी कॅमेऱ्यावर चढवा, लेन्सपुरतं भोक पाडा, रबर बँड लावा. वरील कॅमेऱ्यांपैकी एकही पावसात भिजवण्यासारखा नाही. एक्स१०० व्हीआयला सुद्धा वेगळी रिंग आणि फिल्टर लावल्यावरच पाण्यापासून काही संरक्षण मिळतं.

कोकणात एसीच्या खोलीतून एकदम बाहेर पडलात की लेन्सवर वाफ धरते. ती पुसू नका. कॅमेरा बंद पिशवीतच पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेत ठेवा, मग काढा.

९. बॅटरी, कार्ड आणि रात्रीचं काम

छोट्या कॅमेऱ्याची बॅटरी छोटीच. एका चार्जवर दोनशे ते अडीचशे फोटो धरा. तीन बॅटऱ्या घ्या. हे कॅमेरे बहुधा पॉवर बँकवर चार्ज होतात, ते घेण्याआधी विचारून घ्या. विमानात जादा बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, हातातल्या बॅगेत, एकेक वेगळ्या पुडीत ठेवा.

रॉ आणि जेपेग मिळून ४० एमबी धरले तरी ६४ जीबीच्या कार्डात दीड हजार फोटो मावतात. एका मोठ्या कार्डापेक्षा अशी दोन कार्डं बरी. रोज रात्री, जेवणानंतर, दिवसाचे फोटो फोनवर किंवा छोट्या ड्राइव्हवर उतरवा आणि कार्डही तसंच राहू द्या. घरी कॉम्प्युटरवर दोन ठिकाणी प्रत होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही. लग्नाच्या कामात मी हे कधी मोडलं नाही, प्रवासातही मोडत नाही.

१०. घरी आल्यावर

फोटो बघायच्या आधी कॅमेरा पुसा. ब्लोअरनं (हवा मारायच्या रबरी फुग्यानं) धूळ उडवा, मग मऊ ब्रश, मग मायक्रोफायबर कापड, याच क्रमानं. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब जातात. बॅटरी काढून अर्ध्या चार्जवर ठेवा.

मग १२ फोटो निवडा आणि चार बाय सहा इंचांचे प्रिंट काढा. वाटेत ज्यांना शब्द दिलाय त्यांचे आधी.

कॅमेरा चामड्याच्या कव्हरमध्ये घालून कपाटात ठेवू नका, पावसाळ्यात तिथेच बुरशी लागते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाशी ओल शोषणारे सिलिका जेलचे दाणे, वर कॅमेरा. दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून चार फोटो काढा. जेलचे दाणे नारिंगी रंगाचे घ्या, रंग बदलला की एखाद्या जुन्या, स्वयंपाकात न वापरायच्या पातेल्यात मंद आचेवर परतून कोरडे करा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच डब्यात टाका. डब्याची ही तयारी मे महिन्याच्या शेवटी, पावसाआधी उरकून घ्या.